वरच्या मजल्याचा गारवा

ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,

धाकटीचा नमस्कार. आम्ही दोघं ठणठणीत आहोत, फक्त घामेजलेले.

तुझ्या चिमणीच्या लग्नाची तारीख ठरली हे वाचून मी स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या वाजवल्या. हे बाहेरून धावत आले आणि म्हणाले, "फ्रिजला काय झालं?" हल्ली आमच्याकडे कुठलाही आवाज झाला की पहिला संशय फ्रिजवर जातो. का ते पुढे सांगते.

तू लिहितेस, "चिमणीचे बाबा नाहीत, तर त्यांच्या जागी तुझा नवरा उभा राहणार आणि माझ्या शेजारी तू. तुम्ही दोघं नसाल तर मी लग्नच पुढे ढकलीन." अगं, धमक्या कसल्या देतेस? येणार, दोघंही येणार. तिकिटांचे पैसे मात्र तू पाठवायचे नाहीस. पाठवलेस तर परत करीन आणि वर भांडीन.

लोकांना वाटतं, परदेशात राहतात म्हणजे पैशांत लोळत असतील. लोळतो गं, पण फरशीवर, कारण गादी तापते. इथे बाराही महिने उन्हाळा. घरभाडं ठरलेलं, ते निमूटपणे द्यायचं. खरा छळ बिलांचा. विजेचा दर इथे पायऱ्यापायऱ्यांनी चढतो. थोडी वापराल तर थोडा दर, जास्त वापराल तर दरही जास्त. एसी लावला की आम्ही थेट गच्चीवर.

आता हे पडले खोक्यांच्या कारखान्यातले हिशेबनीस. एका खोक्याला किती डिंक लागतो ते लिहून ठेवणारा माणूस घरी स्वस्थ कसा बसेल? यांनी कपाटाच्या दाराला आतून पाकिटं चिकटवलीत. वीज, पाणी, गॅस, इंटरनेट. आणि सगळ्यांत खाली 'लग्न'. पहिली तारीख आली की वरच्या पाकिटांत पैसे घालायचे, बिलं भरून जे उरेल ते लग्नाच्या पाकिटात टाकायचं. योजना सुंदर आहे. अडचण एवढीच की विजेच्या पाकिटात कधी काही उरत नाही, उलट ते दर महिन्याला पाण्याच्या पाकिटाकडे हात पसरतं.

म्हणून नियम आले. एसी रात्री जेवणानंतर थोडा वेळ. इस्त्री फक्त यांच्या ऑफिसच्या शर्टांना, तीही पुढच्याच बाजूने. फ्रिज उघडण्याआधी काय काढायचं ते ठरवून घ्यायचं. मी ठरवते, उघडते आणि विसरते. एसी बंद असल्यामुळे यांच्या चामड्याच्या चपलांवर हिरवी बुरशी आली आहे आणि बरणीतलं मीठ आता ओतावं लागतं. इंटरनेटही सगळ्यांत स्वस्तातलं घेतलंय. म्हणून तर परवा फोनवर तुझं तोंड उघडं राहिलं आणि आवाज शेजारणीसारखा आला. पत्र बरं, ते अडकत नाही.

गंमत म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावर एक बसड्रायव्हर राहतो, त्याचा एसी दिवसरात्र घुमतो आणि बिल आमच्या चौथाईएवढंही येत नाही. त्याने स्वतः जिन्यात दाखवलं. म्हणाला, "साहेब, युक्ती लागते. फ्रिज भिंतीपासून लांब ओढा, दुपारी पडदे लावा, एसीची जाळी आठवड्याला धुवा." हे त्याच्यासमोर शाळेतल्या पोरासारखे मान डोलवत उभे. तेव्हापासून आमचा फ्रिज स्वयंपाकघराच्या मधोमध उभा आहे. भाजी फोडणीला टाकायची तर आधी त्याला प्रदक्षिणा घालावी लागते.

कुठल्या विमानाने येणार म्हणून विचारलंस. ठरलं की कळवते.

तुझी
धाकटी


ता. १४ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. विमानाचं तू परत विचारलंस. सांगते, पण आधी आमच्या घरी काय प्रकार झाला तो ऐक.

फेब्रुवारीचं बिल आलं. इतके नियम पाळूनही आधीच्यापेक्षा जास्त! हे ते बिल उलटं धरून बघत होते, जणू मागच्या बाजूला खरा आकडा लिहिलेला असेल. मग जेवताना अगदी हळू आवाजात विचारतात, "मी कारखान्यात गेलो की तू एसी लावतेस का?"

ताई, माझा घास तोंडातच राहिला. मी, जी दुपारभर ओला पंचा डोक्यावर घेऊन बसते, ती! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मी बोलणं टाकलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी हे न सांगता घरी आले आणि बूटही न काढता स्टुलावर चढून एसीला हात लावून बघायला लागले, ताप बघतात तसा. एसी थंडगार, म्हणजे बंदच. मग माझ्याकडे वळले, तर मी पाय बादलीत बुडवून बसलेली.

"अगं, पाण्याचं पाकीट!" म्हणाले.

त्यानंतर मी जे बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

रविवारी मात्र मी हाताला धरून यांना जिन्याखाली नेलं. निघताना घराचा मेन स्विच खाली ओढला होता, पंखा नाही की दिवा नाही. जिन्याखाली दोन मीटर शेजारीशेजारी आहेत, एकावर आमच्या घराचा नंबर आणि एकावर वरच्याचा. बघते तर आमचं घर सगळं बंद आणि आमच्या नंबरचा मीटर आपला भराभर चाललाय! वरच्या नंबरचा मात्र ढिम्म. वर एसी घुमत होता, ऐकू येत होता.

"मीटर बिघडलाय," हे म्हणाले.

"मीटर नाही बिघडला, नंबर बदललेत," मी म्हटलं. वर जाऊन मेन चालू केला, तर वरच्या नंबरचा मीटर जागा झाला. परत बंद केला, तो परत झोपला. तेव्हा कुठे साहेबांच्या डोक्यात उजेड पडला. गेल्या वर्षी घराला नवे मीटर बसवले, तेव्हा बसवणाऱ्याने नंबरांच्या चिठ्ठ्या उलट्यापालट्या चिकटवल्या असणार. म्हणजे वर्षभर आम्ही भरतोय वरच्याचं बिल आणि तो भरतोय आमचं. आम्ही पंखा बंद केला की त्याचं बिल उतरायचं, त्याने एसी लावला की आमचं चढायचं. आयजीच्या जिवावर बायजी उदार, आणि वर बायजीनेच आयजीला काटकसरीचे धडे दिले!

हे पायरीवरच बसले. मग म्हणाले, "म्हणजे फ्रिज परत भिंतीला लावायचा?" मी इतकी हसले की अबोला तिथेच संपला.

आता खरं सांगते. मागच्या पत्रात 'ठरलं की कळवते' लिहिलं, ती थाप होती. लग्नाच्या पाकिटात जेमतेम एका तिकिटापुरते पैसे होते आणि पुढे काही जमेल असं दिसत नव्हतं. तुला कुठल्या तोंडाने सांगू, म्हणून फ्रिजच्या गोष्टी लिहीत बसले. पण आता काळजी नाही. वर्षभराचा फरक परत मिळाला की दुसरं तिकीट आलंच. हे रात्री बसून हिशेब मांडताहेत, बिल न् बिल. चिमणीला सांग, मावशी येतेय आणि तिच्या केसांना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

तुझी
धाकटी


ता. ६ मे

ती. ताईस,

नमस्कार. आधी हे पत्र पूर्ण वाच, मग बोल. मधे उठायचं नाही.

वीज कंपनीच्या कचेरीत गेलो. खिडकीतल्या बाईने दोन्ही घरांची बिलं पाहिली आणि शांतपणे म्हणाली, "दोन्ही वेळेवर भरलेली आहेत. आमची काही तक्रार नाही." चिठ्ठ्या बदलून द्यायला तयार झाली, पण झालेला फरक तुमचा तुम्ही मिटवा म्हणाली, कारण मीटर बसवल्याच्या कागदावर घरमालकिणीची सही आहे. घरमालकीण म्हणाली, "सही माझी, पण चष्मा नव्हता."

मग उरला वरचा ड्रायव्हर. यांनी हिशेबाचा कागद तयार केला, काळ्या शाईत आकडे आणि लाल शाईत बेरीज. मी बरोबर गेले, कारण हे एकटे गेले तर मुद्दा सोडून डिंकाच्या भावावर बोलत बसतात. वर्षभर बादलीत पाय घालून बसल्याचा सगळा राग मी जिना चढताना गोळा करत होते.

ड्रायव्हरने दार उघडलं आणि आतून असा गारवा आला की क्षणभर मी रागवायचं विसरले. खोलीत एक पलंग, पलंगावर त्याची म्हातारी आई. गेल्या वर्षी पडली ती उठलीच नाही. पडून पडून पाठीला जखमा व्हायला लागल्या होत्या, घामाने चिघळायच्या. आता खोली कोरडी, गार राहते म्हणून भरून आल्यात. आम्ही दारात उभे राहून हे ऐकतोय, तेवढ्यात म्हातारी ओरडली, "दार लावा आधी! सगळा गारवा बाहेर चाललाय!" अगदी यांचंच वाक्य, यांच्याच सुरात. हे दचकले आणि दार लावलं.

मग म्हातारीने मला जवळ बसवून घेतलं आणि लेकाचं कौतुक सुरू केलं. "मी तर एसी लावूच देत नव्हते. खर्च केवढा! पण माझ्या मुलाने अशी युक्ती शोधलीये की बिल येतच नाही." तिच्या उशाशी ड्रायव्हर उभा, हातात आमचा कागद, आणि तोंड पांढरं पडलेलं. डोळ्यांनीच विनवत होता, हिच्यासमोर नको.

गॅलरीत आल्यावर म्हणाला, "साहेब, एवढे माझ्याकडे नाहीत. मला खरंच वाटायचं मला जमलंय. सगळ्या डेपोला शिकवलं मी." मग म्हणाला, "एसी विकतो. त्याचे येतील ते आत्ता घ्या."

हे माझ्याकडे बघायला लागले. मी काय बोलले असेन ते तू ओळखलंसच. "एसी विकू नका," म्हटलं. "दर महिन्याला जमेल तेवढं देत जा. आणि आईला सांगू नका."

हे माझ्यामागून जिना उतरले. घरात आल्यावर म्हणाले, "लाल शाईतला आकडा वाचला होतास ना? त्यात आपलं दुसरं तिकीट होतं."

"वाचला होता," मी म्हटलं.

ड्रायव्हर सज्जन आहे. पहिला हप्ता पगार झाल्याच्या संध्याकाळी आणून दिला. आमचं खरं बिलही आलं, इतकं लहान की यांना वाटलं अर्धंच छापलंय. आता दुपारी मी खुशाल एसी लावते. पण विमानाचे दर लग्नाची वाट बघत थांबत नाहीत, ताई. तिकीट एकच निघालं.

यांचं म्हणणं, "तू जा, तुझी सख्खी बहीण आहे." आठवडाभर भांडलो. मी म्हटलं, मावश्या-आत्या तिथे ढिगाने असतील, पण बाबांच्या जागी उभं राहायला ताईने तुम्हाला निवडलंय. तिथे माझ्यासारखी बडबडी बाई उभी करून चालायचं नाही. शेवटी मी जिंकले. जिंकल्यावर न्हाणीघरात जाऊन रडले, नळ सोडून, पाण्याचं पाकीट गेलं खड्ड्यात.

हे फोनवर सांगितलं असतं तर तू हातातल्या बांगड्या मोडून तिकीट पाठवलं असतंस, मला माहीत नाही का तू? म्हणून पत्र यांच्याच खिशात घालून पाठवलंय. दारात उभे असतील ते. मी कुठे म्हणून विचारलंस तर 'मागून येतेय' म्हणा आणि पत्र हातात द्या, असं पढवून ठेवलंय. त्यांना खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात, ते तू एव्हाना पाहिलंच असशील.

मी मागून येत नाहीये, ताई. एवढं एक वाक्य लिहायला मला तीन पत्रं लागली.

ड्रायव्हरचा राग येतो का विचारशील. येतो. म्हातारीचाही येतो. चिमणीला पहिल्यांदा वेणी मी घातली होती, आणि तिच्या लग्नाच्या दिवशी मी इथे बसणार, याचा मला फार म्हणजे फार त्रास होतोय. आणि तरीही परत तो कागद हातात दिलास तर मी तेच बोलेन. असं कसं असतं माणसाचं, तूच सांग.

चिमणीला हे लग्न लागेपर्यंत सांगू नकोस. मावशीला ताप आला म्हण. यांना पोटभर जेवू घाल, आणि लग्नाच्या गर्दीत ते फिरून दिवे बंद करायला लागले तर आवर. मला शिव्या द्यायच्या असतील तर वऱ्हाड गेल्यावर सावकाश लिही, चांगली दोन-चार पानं. ती मी जपून ठेवीन.

आता पत्र खाली ठेव आणि यांना आत घे. केव्हाचे उंबऱ्यावर उभे असतील बिचारे.

तुझी,
तुझ्या शेजारची जागा रिकामी ठेवणारी,
धाकटी