कुशीतली भूक

३ जून, धुळे
जळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये मी आणि धाकटी बहीण दिपमाला मधल्या सुट्टीत जांभळं खायचो आणि सिस्टर आल्या की रंगलेले तळहात पाठीमागे लपवायचो. आज पारोळ्याजवळ गाडीत तिनंच ती आठवण काढली. दोघी खूप हसलो. सावद्याला दिल्यापासून तिची बोली बदलली, हसणं मात्र शाळेतलंच आहे.

हे संशोधन केंद्र गावाबाहेर आहे. मोठ्या खिडक्या, भरपूर उजेड. माझं यकृत संपत आलंय. माणसाचं मिळेपर्यंत काही दिवस डुकराचं बसवणार आहेत. तेहतीस वर्षं मुलींना जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे भीतीपेक्षा कुतूहलच जास्त.

ते जनावर पाहायचा मी हट्ट धरला. ते सांभाळणारा ठाकऱ्या नको नको म्हणत होता, पण दिपमालानं घरच्या बागेतलं केळं काढलंच. डुकरीण सालासकट खाऊन गेली. मग दिपमालाचा तळहात तिनं ओठांत अलगद धरून ठेवला. सुटेना. ठाकऱ्या म्हणाला, "गुणी शे, अक्का. पन इनं पोट काही भरत नही."

८ जून
ऑपरेशन होऊन तीन दिवस झाले. पित्त सोन्यासारखं उतरतंय, डोळ्यांचा पिवळेपणा गेला. डॉक्टर शीतल खूश आहेत, फक्त प्लेटलेट्स एक लाख दहा हजारांवरून एकवीस हजारांवर आल्या. त्यांनी समजावलं की हे यकृत माणसाच्या प्लेटलेट्स ओळखत नाही, शिळ्या समजून गिळून टाकतं. त्या नसल्या तर रक्त थांबत नाही. माणसाचं यकृत मिळेपर्यंत तग धरायचा.

दिपमालाचा मुलगा भाईदास प्लेटलेट्स द्यायला दीड तास यंत्राला हात लावून बसला. त्याची पिवळसर पिशवी मला चढवली. संध्याकाळी मोजलं तर पुन्हा एकवीस हजार. "मावशी, एवढ्यात जेवलीस पण?" म्हणाला. मीही हसले.

१० जून
चौदा हजार. दंडावर, मांडीवर जांभळे डाग. दात घासताना रक्त आलं.
आज पिशवी चढत असताना उजव्या बरगडीखाली ऊब पसरली. पिशवी संपली आणि कुणीतरी आत हुंगल्यासारखं वाटलं. डॉक्टरांना सांगितलं. औषधांनी भास होतात म्हणाल्या.

११ जून
नऊ हजार. दिपमाला म्हणते, आता मी देते. तिला एकसष्ट पूर्ण, साठीपुढच्यांचं डॉक्टर घेत नाहीत. ही हळूच म्हणाली, "फॉर्मवर अठ्ठावन लिहिलं वं मी. शाळेत तू कमी खोटं बोलली का माह्यासाठी?"
बोलता बोलता तिनं माझ्या पोटावर हात ठेवला. आत कुणीतरी कुशीवर वळलं. नीट, सावकाश, तिच्या तळहाताकडे. मी तिचा हात धरला. सोडायचा होता, पण माझी बोटं सुटेनात. ती "दुखतंय, अक्का" म्हणाली तेव्हा कुठे सुटली.

१२ जून, सकाळ
सहा हजार. दिपमाला आली ती उजवा हात पाठीमागे घेऊन. दाखव म्हटलं तर हसली, जांभळं खाल्ली म्हणाली.
जांभळं खाल्ली तर जीभ रंगते. तिची जीभ स्वच्छ होती.

१२ जून, दुपार
नर्सला विचारलं. देण्याआधीची दिपमालाची तपासणी आली — तिच्याही प्लेटलेट्स कमी झाल्यात. एका रात्रीत. यंत्राला तर अजून बसलीच नाही ती.
मी फक्त हात धरला होता.

१३ जून
डोळ्यात रक्त, ओळी नीट दिसत नाहीत —
भूक लागलीय. माझी नाही.

भाईदासची मुलगी भाविका डॉक्टर होणार म्हणते, माझं शाईपेन आणि सूक्ष्मदर्शक तिला. निवृत्तीला मिळालेलं घड्याळ भाईदासला. ठाकऱ्याला माझी शाल, त्याचं खरं होतं असं सांगा. हलत्या फळीवर माझ्यासाठी ठेवलेली प्लेटलेट्सची पिशवी दुसऱ्या कुणा रुग्णाला, मला नको. मोत्याच्या कुड्या दिपमालाच्या, पण तिच्या घरी पोचवा, इथे बोलावू नका. मेल्यावरही तिला माझ्या अंगाला हात लावू देऊ नका. डॉक्टर, हे आतलं आधी काढून —

दार वाजलं. नको म्हणून ओरडायला गेले, तोंडातून "ये" आलं.
हात पाठीमागे लपवून उभी आहे. शाळेतल्यासारखी हसतेय. मी हात पुढे —