मैथिलीची फाईल आणि माझी उरलेली चीजवस्तू

मी, मंदाकिनी आनंद कर्णिक, वय वर्षे बहात्तर, निवृत्त वरिष्ठ लिपिक, राहणार तळमजला, ठाकुर्ली पूर्व, आज शुक्रवारी भर दुपारी, पोटात आमटीभात आणि डोके संपूर्ण ठिकाणावर असताना, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. वकिलांच्या मसुद्यात "स्थिर मनाने" असे शब्द होते, ते मी खोडले. माझे मन आज मुळीच स्थिर नाही. मघापासून मी खुर्चीतून तीनदा उठून नाचले आहे. कारण कलम तीनमध्ये येईल.

येत्या बुधवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. मी परत येणारच आहे. पण एकतीस वर्षे आवक-जावक टेबलावर काढलेली बाई तोंडी भरवशावर राहत नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर व बँकेतील ठेवी माझी नात मैथिली, वय नऊ, हिला. ती अठराची होईपर्यंत तिची आई, म्हणजे माझी सून रसिका, तिच्या वतीने सगळे पाहील. तोवर घर विकायचे नाही, बदलायचे नाही. चिरंजीव सलिल, हे तुझ्यासाठी लिहिते आहे. मानपाड्याच्या टॉवरचे ते गुळगुळीत पत्रक मी रद्दीत घातले. "आई, तिथे स्विमिंग पूल आहे गं!" म्हणे. अरे, पालिकेची शाळा आपल्या दारापासून तिच्या चाकाच्या खुर्चीने सहा मिनिटांवर आहे. पूल काय चाटायचाय?

२. ह्यांची हत्यारांची पेटी सलिलला. मैथिलीला सेरेब्रल पाल्सी आहे, हात ताठ होतात, पेन्सिल हवी तिथे न्यायला तिला वेळ लागतो. बुद्धी मात्र आपल्या सगळ्यांना गुंडाळून ठेवेल अशी. तिच्यासाठी तिरकी लिहायची फळी ह्यांनी जाण्याआधी स्वतः केली. तिच्या खुर्चीचा डावा स्क्रू दर महिन्याला सैल होतो. तो न सांगता पिळायचा, ही अट.

३. आता निळी फाईल. माझ्या मते माझी खरी इस्टेट हीच.

मैथिली सहा वर्षांची झाली तेव्हा शाळेने नाव घातले, पण मुख्याध्यापिका म्हणाल्या, हिला शिकवायला विशेष शिक्षिका लागेल, त्यासाठी कार्यालयात अर्ज करा. ठाण्याला जिल्हा रुग्णालयात चार खेपा घालून रसिकाने दिव्यांग प्रमाणपत्र मिळवले. अर्ज घेऊन मी निघाले, ऐटीत! कार्यालय माझे जुनेच, नाव लिहीत नाही. माझ्या टेबलावर आता सुदेश बसतो, मीच शिकवलेला. "मंदाताई, तुम्हाला पोच कशाला?" तो म्हणाला. आणि मी, जिने आयुष्यभर लोकांना पोच दिली, मी म्हणाले, "राहू दे रे, आपलीच माणसं."

वर्षाने उत्तर आले: असा अर्ज या कार्यालयात प्राप्त झालेला नाही.

पोरीचे अख्खे वर्ष गेले. ती मागच्या बाकाशेजारी नुसती बसून असायची. रसिका एवढेच म्हणाली, "आई, तुम्ही तिथे एकतीस वर्षं होतात ना?" बरोबर विचारले तिने. रसिका, माझ्या पाटल्या तुला. त्या माफीपोटी नाहीत, माफी मी अशीच मागते.

पुढची गोष्ट मोहने गावच्या मालन गुरवची. पंधरा वर्षांपूर्वी ऐकू न येणाऱ्या गणूला घेऊन ती माझ्या टेबलासमोर उभी होती. मी म्हटले होते, पुढच्या वर्षी या. ती म्हणाली, "या कागदावर शिक्का मारा बाई, तवर मी हालत नाय." "कोर्टात नेणार का मला?" असे म्हणून मी वर तिला हसले होते. आज तिचा गणू आयटीआयमध्ये शिकतो, आणि ती दर शनिवारी शाळेच्या फाटकाशी अशा मुलांच्या आयांना अर्ज लिहून देते. मी तिथे जाऊन उभी राहिले, तर तिने मला लगेच ओळखले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. ती काय म्हणाली? "बसा बाई. दोन प्रती करा. एकीवर शिक्का आणि आवक नंबर घ्यायचा. महिन्यानं त्याच नंबरावर स्मरणपत्र. रागवायचं नाय, हालायचं नाय."

माझीच विद्या ती मला शिकवत होती! चौदा महिने, अकरा स्मरणपत्रे, अकरा शिक्के. आणि आज दुपारी आदेश हातात आला हो! सोमवारपासून विशेष शिक्षिका मैथिलीच्या शाळेत आठवड्यातून दोनदा येणार. तिच्याच वर्गात, तिच्याच बाकावर!

ही फाईल मूळ स्वरूपात मैथिलीला. पुढे परीक्षेत जादा वेळ लागेल, लेखनिक लागेल, तेव्हा कोणाकडे याचना करायची नाही, फाईल उघडायची. तिची झेरॉक्स आणि माझे लोखंडी कपाट मालनला.

४. सुदेशला माझे पितळी पेपरवेट. पहिला अर्ज पंख्याने उडून कपाटामागे गेला होता, हे त्यानेच कबूल केले. दोन वर्षे मी त्याच्याशी बोलले नाही, शिक्केही मान वर न करता घेतले. आजचा आदेश मात्र तो स्वतः, जेवणाची सुट्टी मोडून, स्कूटरवरून घेऊन आला आणि दारात उभा राहून रडला गाढव. त्याला आमटीभात वाढला आहे. तरी पेपरवेट घ्यायचेच.

व्यवस्थापक म्हणून रसिकाला नेमते. हे मृत्युपत्र मी दोन साक्षीदारांसमोर वाचून सही केले, त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या.

सही: मंदाकिनी आनंद कर्णिक

साक्षीदार:
१. डॉ. अपूर्व राजे, वरचा मजला
२. काळुराम भोईर, रिक्षाचालक ("आजी, सही करतो, पन बुधवारी हॉस्पिटलला मीच नेनार.")

ठिकाण: ठाकुर्ली
दिनांक: ११ जुलै २०२५

ता. क. वकिलांनी बजावले की जिला मिळणार तिने साक्षीदार व्हायचे नाही. बरे, पण पोच द्यायला कोणाची हरकत? खालच्या दोन ओळी मैथिलीने फळीवर कागद ठेवून लिहिल्या. सतरा मिनिटे लागली. कोणी हात धरला नाही, कोणी घाई केली नाही.

आजीची फाईल मिळाली.
आजी परत पाठवावी.

अर्ज मिळाला. आवक क्रमांक १.
मं. आ. कर्णिक