आमचा वार

साहेब खडू पुढे धरून उभा आहे, बाई, आणि माझी आई हात पदरात लपवते. तो खडू शेजारणीपुढे धरतो. तीही मागे सरकते. मग माझ्यापुढे येतो. मी सतरा-अठरा वर्षांची, वर्गातली सगळ्यांत पुढची. मीही जमिनीकडे बघते. "बघा," तो तुम्हाला म्हणतो, "एकीलाही अक्षर येत नाही. तक्रार खरीच म्हणायची." तुम्ही शाळेच्या ओट्यावर बसलेल्या, साठी उलटलेली, डोक्यावर पांढरा पदर. तुमचा चेहरा पडलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

तक्रार घोलवडच्या चिकूवाडीच्या शेठची होती. तलासरीजवळच्या आमच्या पाड्यावरच्या बायका त्याच्या वाडीत चिकू उतरवायला, पेट्या भरायला जायच्या. मुकादम पहाटे ट्रक घेऊन यायचा, सातही दिवस. शेठने वर कळवलं होतं की संध्याकाळचा वर्ग नावाचाच आहे, म्हातारी नुसती बायकांना भडकवते. म्हणून शिक्षण खात्याचा साहेब न कळवता जीप घेऊन आला आणि त्याने सगळ्याजणींना शाळेत बोलावलं. ट्रक आम्हाला पाड्यावर परत सोडून नुकताच गेला होता, दिवस मावळायला अवकाश होता. एकीने एक ओळ लिहून दाखवली तर वर्ग राहणार. नाही तर शाळेची खोली आणि कंदील, दोन्ही काढून घेणार.

त्यात वार शनिवार. तुम्ही डहाणूच्या मसोलीहून शुक्रवारी दुपारच्या एसटीने यायचात आणि परत जायचात ते रविवारी, कारण शनिवारी तुम्ही गाडीत बसत नव्हता. चूल पेटवत नव्हता, खडू धरत नव्हता. आदल्या दिवशी स्वतः शिजवलेला भात खाऊन आमच्या अंगणात गप्पा मारत बसायचात. आम्ही कधी कारण विचारलं नाही. नवा भात देवाला दाखवल्याशिवाय आम्ही तोंडाला लावत नाही, त्याचं कारण कोण विचारतं? आम्ही धरून चाललो की शनिवारी अक्षराला शिवायचं नसतं. जी बाई अक्षरं देते तिलाच त्यांचे नियम ठाऊक असणार.

"का गं, काय झालं?" तुम्ही आईला विचारलंत.

"आज शनवार नाय का, बाय," आई म्हणाली. "अक्षरं निजलेली."

साहेब हसला. तुम्ही हसला नाहीत. नवीन काही कानावर पडलं की तुम्ही मान जरा पुढे काढायचात, तशी काढलीत. आमची बोलीही तुम्ही अशीच शिकलात, मान पुढे काढून, प्रत्येक शब्द दोनदा म्हणून घेत. आम्ही तुमच्या उच्चारांना हसायचो आणि तुम्ही आमच्या हसण्यावरून चूक ओळखायचात. सरकारी शाळेत जन्म काढून, पेन्शन घेऊन, डहाणूत स्वस्थ बसायचं सोडून तुम्ही आमच्याकडे आलात. तुमच्या प्रार्थनेची लिपी तुम्हाला लहानपणी कुणी शिकवली नव्हती, मुलींना शिकवत नसत. ती तुम्ही पन्नाशीत शिकलात, उजवीकडून डावीकडे, बोट ठेवून. तुमचे भाऊ-भावजय बोटीने इस्रायलला गेले तेव्हा तुम्हालाही चला म्हणत होते. "माझी यत्ता अजून पुरी झालेली नाही," तुम्ही त्यांना सांगितलंत. कुठली यत्ता, ते त्यांना कळलं नाही.

"अगं, शनिवार माझा आहे," तुम्ही आईला म्हणालात. "तुमचा नाही."

"असं कसं? तुमचाच का?"

तुम्ही साहेबाला विसरलात. ओट्यावरून खाली उतरून आईसमोर जमिनीवर बसलात. "आमची माणसं पूर्वी मिसर देशात वेठीला होती. वेठीला वार नसतो. ती सुटली, तेव्हा त्यांनी एक वार आपला करून घेतला. त्या दिवशी कुणाचं काम करायचं नाही."

"तिथं पन शेठ होते?"

"राजाच शेठ होता."

"म्हंजे आमच्यावानीच झालं," शेजारीण म्हणाली. "फकस्त चिकू नसतील."

लहानपणी आईने वेठ केली होती. बोलावणं आलं की जेवणावरून उठायचं. "आमची वेठ सुटली, बाय," ती सावकाश म्हणाली, "पन वार कुठं मिळाला?"

साहेबाने घड्याळ पाहिलं. "मावशी, लिहिताय की मी निघू?"

"थांब रं. जीप तुझीच हाय, पळून नाय जात."

तिने त्याच्या हातून खडू घेतला. फळ्याशी उभी राहून लिहू लागली. एकेक अक्षर काढून त्याच्याकडे बघायची, जणू ते बसतंय की कलंडतंय. खडू मोडला, तिने तुकडा उचलला. *आमाला बी एक वार पायजे.* अक्षरांवरची रेघ ओढून ती बाजूला झाली.

साहेबाने ते मोठ्याने वाचलं. वाचताना त्याचा आवाज बदलला. मग त्याने फडकं उचललं. "पाहिजे असं लिहितात, मावशी. ह घाला."

"पुसायचं नाय, साहेब," आई म्हणाली. "आज शनवार."

आधी तुम्ही हसलात. मग सगळ्याजणी, आणि शेवटी फडकं खाली ठेवून तोही. वर्ग चालू राहील, कंदीलही राहील, तो म्हणाला. जीपमध्ये चढताना त्याने सहज विचारलं, "कोणता वार पाहिजे, मावशी?"

"उद्याचा."

पुढे तुम्ही तालुक्याच्या कचेरीच्या पायऱ्या चढत राहिलात, आणखी पाड्यांवर खोल्या आणि कंदील मिळवत राहिलात. डोळे गेल्यावर शेजारच्या मुलीकडून वर्तमानपत्र वाचून घ्यायचात आणि तिचं वाचन सुधारायचात. मी कॉलेजात साहित्य शिकवलं. पुष्कळ वाक्यं उलगडून दाखवली. आईच्या वाक्यात काढण्याजोगा शब्द मला अजून सापडलेला नाही. 'पायजे'सुद्धा नाही.

हे लिहून घडी घालून ठेवते आहे. तुम्ही असतात तरी पोस्टाच्या पेटीत टाकलं असतं का, सांगता येत नाही. तुम्ही चुका काढाल ही भीती या वयातही गेलेली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मुकादमाने पाड्याखाली बराच वेळ भोंगा वाजवला. ट्रक रिकामा घोलवडला गेला.