रोज एक पेनी

२ नोव्हेंबर, रविवार
राधिकाच्या बँकेने तिची सिंगापूरहून इंग्लंडला, लीड्सला बदली केली. ६ डिसेंबरची दोन तिकिटं काढलीत. तिचं आणि आमच्या अनुयाचं. माझं घाईत राहिलं असणार. उद्या विचारतो.

४ नोव्हेंबर, मंगळवार
विचारलं नाही. राधिकाचा मूड नव्हता. गेली दोन वर्षं नाहीये.
ऑफिसातल्या प्रतापने लंडनहून आणलेली मूठभर नाणी मला दिली. मनीचेंजर नोटाच घेतो, नाणी घेत नाही म्हणे. तिथेच प्लॅन सुचला. अनुयाला पेन्स-पाउंड शिकवायचे! पोरीला तिथले पैसे कळत नसताना कुठली आई तिला नेईल? नीट शिकवायला सहा महिने सहज लागतील. तोवर राधिकाचा राग उतरेल.

८ नोव्हेंबर, शनिवार, स. १०
पहिला धडा. नियम सांगितला: जेवढं नाणं मोठं, तेवढी किंमत मोठी. सिंगापूरचं तसंच आहे. चौदा वर्षं अकाउंट्समध्ये काढलीत, हा तर डाव्या हातचा मळ.

त्याच दिवशी, स. १०.१०
अनुया म्हणते, हे मोठं तपकिरी दोनच पेन्सचं आहे आणि हे चिमुकलं पाचाचं. नाण्यावर लिहिलंय, वाच ना, लाह! हे 'लाह' इथल्या शाळेतलं, प्रत्येक वाक्याला चिकटतं. चष्मा लावून पाहिलं. लिहिलंय. ब्रिटिशांचा गलथानपणा, दुसरं काय.

९ नोव्हेंबर, रविवार
दुसरा धडा. शंभर पेन्स म्हणजे एक पाउंड. तीनशे पाच पेन्स किती, विचारलं. तीन पाउंड पाच, लगेच म्हणाली. शाळेत डॉलर-सेंट झालंय, सेम-सेम. सहा महिन्यांचा कोर्स वीस मिनिटांत संपला. इथल्या शाळा मुलांना उगाच पुढे पळवतात.

१६ नोव्हेंबर, रविवार
शेवटी विचारलं. राधिका शांतपणे म्हणाली, प्रबोध, तू यायचं नाहीयेस. इथला पुंगोलचा फ्लॅट तू ठेव.
'सध्या' म्हणायचं राहिलं असणार.

३० नोव्हेंबर, रविवार
अनुयाने विचारलं, बाबाचं तिकीट केवढ्याला? म्हटलं, सहाशे पाउंड. तर म्हणाली, तिकडे गेल्यावर रोज एक पेनी डब्यात टाकेन, तुझ्या तिकिटासाठी. मला एकदम भरून आलं.
रोज एक, हवेत सहाशे. म्हणजे सहाशे दिवस. जुलै २०२७! दोन वर्षंसुद्धा नाहीत. सूटकेसचं चाक दुरुस्तीला टाकलं.

६ डिसेंबर, शनिवार
चांगी एअरपोर्ट. अनुयाने वळून वळून हात केला. राधिकाच्या हातात बॅगा होत्या.
घरी येऊन खूप रडलो. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय.

१४ डिसेंबर, रविवार
व्हिडिओ कॉल. अनुयाने डबा हलवून दाखवला. आठ पेन्स. मी म्हटलं, शाब्बास, आता राहिले पाचशे ब्याण्णव.
तिने बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाली, बाबा, तू शंभरने गुणलंच नाहीस. पाउंड वेगळे, पेन्स वेगळे, लाह. साठ हजार हवेत. साठ हजार दिवस म्हणजे किती वर्षं?
हिशेब करून सांगतो म्हटलं. फोन ठेवला.

त्याच दिवशी, थोड्या वेळाने
एकशे चौसष्ट वर्षं. तीनदा करून पाहिलं.
सूटकेस दुरुस्त होऊन आलीय. कपाटावर ठेवली.
अनुयाला मेसेज केला: थोडे जास्त लागतील. एकही दिवस चुकवू नकोस.