अडलंय कुठं

सोमवार, २ फेब्रुवारी २०२६
तिसऱ्या वर्षाच्या पोरांना अ‍ॅजाइल पद्धतीनं सॉफ्टवेअर बनवायला शिकवायचं आणि लॅबला कुलूप! महिना झाला. विभागप्रमुख प्रेमसिंग सर म्हणतात, कॉम्प्युटर दुरुस्तीला गेलेत, तुम्ही फळ्यावर शिकवा. थोडं काम करायचं, वापरणाऱ्याला दाखवायचं, चुकलं तर लगेच सुधारायचं — हे फळ्यावर?

शेवटी व्हरांड्यातच उभं केलं सगळ्यांना. आता रोज पाच मिनिटं, तीन प्रश्न. काल काय केलं, आज काय करणार, अडलंय कुठं. तिसऱ्या प्रश्नाला सगळ्यांचं एकच उत्तर, कुठंच नाही. अडचण सांगायची म्हणजे काही गुन्हा आहे का?

बुधवार, ४ फेब्रुवारी
तिसऱ्या प्रश्नाला योगिनी बोलली! कामरगावहून बसनं येते. बस कुठवर आली ते गावातल्या कॉलेजच्या पोरींना कळवणारं अ‍ॅप तिचा गट करतोय.
"मॅडम, आमी पोरीयले इचारलंच नाही. मोबाईल त्यायच्याजवळ राहतच नाही, भावाजवळ राह्यते."
दोन महिन्यांचा आराखडा गेला. गटातला राजू वैतागला, मी मात्र खूश. आता निरोप थांब्याजवळच्या चंदाबाईंच्या दुकानात जाणार, त्या पोरींना सांगणार. चंदाबाईंना विचारून आली पण! हेच तर शिकवायचं असतं.

सोमवार, ९ फेब्रुवारी
पुढच्या आठवड्यात तपासणी समिती. सरांनी रजिस्टर पुढे सरकवलं. बंद लॅबमध्ये बारा प्रॅक्टिकल झालेली — तारखांसकट! वर शिक्षकाची सही हवी, खाली पोरांच्या. मी सरळ म्हटलं, जे झालंच नाही त्यावर सही कशी करू? सर चिडले नाहीत. पुढच्या वर्षीच्या नेमणुका अजून व्हायच्या आहेत, एवढंच म्हणाले आणि चहा मागवला. तासिकेवर शिकवणाऱ्या माणसाला काय बोलायचं, हे यांना नेमकं ठाऊक!

मंगळवार, १० फेब्रुवारी
डोकं दुखतंय. लवकर झोपते.

गुरुवार, १२ फेब्रुवारी
पोरांनी सह्या केल्या. सगळ्यांनी! योगिनीनंसुद्धा.
मी वर्गात फार बोलले त्यांना. खोट्या कागदावर सही करताना लाज वाटली नाही का, महिनाभर मी कुणाला शिकवत होते, असं सगळं. राजूनं मान वर केली नाही. योगिनी काही सांगायला उठली, मी तिला खाली बसवलं. घरी आले तरी राग जात नाही. विशीची पोरं आणि इतकी भित्री!

शुक्रवार, १३ फेब्रुवारी
सकाळी व्हरांड्यात तिसऱ्या प्रश्नाला योगिनी म्हणाली, "मॅडम, मी सरायले पह्यले नाहीच म्हटलं होतं. मंग वर तुमची सही दिसली. म्हनून केली."
सगळे माझ्याकडे बघत होते.
सही माझीच. मंगळवारी केली. इथं डायरीतसुद्धा लिहिलं नाही.