पाठीवरची सुरकुती

२ फेब्रुवारी १९३७
हिंगोली स्टेशनावर फादर पास्कू स्वतः दमणी घेऊन आले होते. वय पस्तिशीचं, आवाज खणखणीत. वाटभर बैलांना कोकणी गाणी ऐकवत होते. गावात सगळीकडे हळद शिजल्याचा वास. शाळा, लहानसं चर्च, मला दोन उजेडाच्या खोल्या. कॉलेज सोडून तीस वर्षं झाली, पण शिकवायला इतक्या आनंदाने कुठे रुजू झाले नव्हते. वेदीमागच्या खोलीत मात्र अंदाधुंदी. फादरनी मिस्सेच्या उपासनेला घालायची वस्त्रं ट्रंकेत कोंबलेली, वर उंदरांच्या लेंड्या. उद्यापासून शिस्त.

१४ फेब्रुवारी
वस्त्रं धुतली, रफू केली. ट्रंकेच्या तळाशी लाल रेशमी झगा निघाला, अगदी कोरा. आधीचे वृद्ध फादर पटकीने गेले. हा त्यांना पुरताना घालायचा होता, साथीच्या घाईत राहून गेला. चर्च झाडणारी रुक्माबाई म्हणाली, "ज्याच्या नावानं काढलं त्याला पोचलं न्हाई, ते वाट पाहून राहिलंय. हात नका लावू, बाई." मी तिला दटावलं. चांगलं रेशीम कसरीला काय म्हणून द्यायचं?

दुपारी मोठ्यांच्या वर्गाला वस्त्रांचे अर्थ शिकवले. मानेचं फडकं म्हणजे शिपायांनी प्रभूच्या डोळ्यांवर टाकलेलं कापड. पांढरा अंगरखा थट्टेचा. कमरेची दोरी बांधून नेल्याची, गळ्यातला पट्टा ओढत नेल्याचा. वरचा झगा वधाआधी पांघरवलेला. रुक्माबाईने विचारलं, "मंग फादर कापणारे व्हय का बकरू?" वर्ग खो खो हसला. मी सांगितलं, ख्रिस्त स्वतःच याजक आणि स्वतःच बळी. फादर त्याच्या जागी उभे राहतात. ती हसली नाही. त्यांच्या गावी बकऱ्याला सजवून पाठीवर पाणी शिंपडतात, म्हणाली. त्याने अंग झाडलं की ती त्याची कबुली. तोवर कुणी सुरी उचलत नाही. मी म्हटलं, प्रभूने एकदाच, सगळ्यांसाठी स्वतःला दिलं. आता कुणाची कबुली लागत नाही.

२४ फेब्रुवारी
संत मथियाचा सण. हुतात्म्याचा, म्हणून लाल रंग. फादरना तो झगा मीच आग्रहाने घालायला लावला. घंटा झाली आणि पाठीवर सुरकुती दिसली. उतरवून इस्त्री करायला वेळ नव्हता. तांब्यात बोटं बुडवून पाणी शिंपडलं, तळहाताने दाबून सुरकुती काढली.

फादर नखशिखांत शहारले. खांदे झाडले. हसून म्हणाले, पाणी फार गार होतं.

रुक्माबाई दारात उभी होती. तिने झाडू टाकला आणि तोंडात पदर कोंबून रडू लागली.

२७ फेब्रुवारी
फादर जेवत नाहीत. कमरेभोवती दोरीचे वळ उठले आहेत. दोरी तर ट्रंकेत आहे, किल्ली माझ्याजवळ. डॉक्टरांनी उष्णता म्हणून मलम दिलं. मी ते लावत असताना माझ्यासमोर वळ खोल गेला.

१ मार्च
गळ्यालाही. डोळे उघडे आहेत पण दिसत नाही म्हणतात. गाणं बंद. मला विचारत होते, मी कधी हो म्हणालो?

झगा अंगणात जाळला. राख होईपर्यंत उभी राहिले. परत आले तर त्यांच्या पायथ्याशी घडी घातलेला. पाठीकडे ओला.

३ मार्च
सकाळपासून गुडघ्यांवर आहे. प्रार्थना येत नाही. आले ते सगळे शब्द मीच शिकवलेले — दोरी, पट्टा —

रुक्माबाईचे पाय धरले. मी, बी.ए. झालेली. ती म्हणाली, "कबुली माघारी घेता येत न्हाई. बदली देता येतंय. ज्याच्या हातानं पाणी पडलं त्यानं." मग माझा हात घट्ट धरून म्हणाली, "काहून सांगितलं म्या! नका करू, बाई."

श्वास घरघरतो आहे त्यांचा. संध्याकाळ निघणार नाही.

३ मार्च, दुपार
फडकं, अंगरखा, दोरी, पट्टा, सगळं घातलं. बाईमाणसाने घालू नये ते. झगा माझ्या मापाचा आहे. कालपर्यंत नव्हता.

रुक्माबाई पाणी ओतेना. मीच तांब्या उपडा केला. अंग आवरून धरलं होतं, तरी —

पलीकडे घरघर थांबली. गेले? नाही — पेज मागताहेत! दिसतंय म्हणताहेत! देवा, तुझे उपकार —

दोरी आवळते आहे. असू दे. ते जगले.

चालत येताहेत. गाताहेत. हात धुतल्याचा आवाज.

दारात आहेत. मी हाक मारली. माझ्याकडे बघून ओळख नाही — रुक्माबाईला विचारताहेत, आणलं का ते? रुक्माबाई ओरडते आहे, फादर, ह्या आपल्या बाई हायेत, आपल्या बाई — ते हसून म्हणताहेत, धर नीट, आणि मान इकडे —