जागेअभावी प्रश्न पुढील पत्री

सिंदी (रेल्वे)
ता. ११ एप्रिल १९७९

वयाने वडील, नात्याने साडू आणि पेशाने नागपूरच्या कॉलेजात रसायनशास्त्राचे मास्तर, अशा तिन्ही अंगांनी पूज्य असलेल्या श्री. लक्ष्मणरावांना चंद्रभानचा साष्टांग नमस्कार. देवकाबाईंचा गुडघा आता जिना चढू देतो की नाही ते कळवावं. इकडे आपली मेहुणी सुखरूप असून तिचा माझ्यावरचा राग त्याहून सुखरूप आहे.

आरंभीच एक गंभीर तक्रार नोंदवतो. आपलं मागचं कार्ड पोचलं. (पत्त्यात ‘रेल्वे’ लिहायला विसरला नाहीत हे उपकार, नाही तर ते वर्ध्याजवळच्या सिंदीत मुक्काम करून येतं.) पण मजकूर काय, तर ‘रविवारी येतो. तुरीची डाळ काढून ठेवा.’ ना मायना, ना नमस्कार, ना क्षेमकुशल. मी ते उलटंसुलटं करून पाहिलं. साडूला नमस्कार नाही तर नाही, निदान डाळीला तरी करायचा होता. आपण विज्ञानवाले लोक असे अंगणातून थेट स्वयंपाकघरात शिरता. आणि हे मी आपल्याला ऐकवतो आहे खरा, पण याच मायन्यापायी गेल्या महिन्यात माझी जी शोभा झाली ती आपल्या कानावर दुसऱ्या कुणाकडून जाण्याआधी मीच सांगावी हे बरं.

आमच्या शाळेत यंदा मुलांनी शास्त्रज्ञांना पत्रं लिहायची, अशी योजना आली. मुलांनी मनातला प्रश्न विचारायचा, त्यांनी उत्तर द्यायचं. विज्ञानाचे मास्तर दिवाळीतच बदलून गेलेले. तेव्हा आमचे मुख्याध्यापक रूपराव यांनी विचार केला (ते तो क्वचित करतात, पण केला की माझ्या अंगावर येतो) की पत्र म्हणजे भाषा, भाषा म्हणजे संस्कृत आणि संस्कृत म्हणजे मी. सातवीच्या वाट्याला पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. व. ग. केळुसकर आले. एवढ्या विद्वानाला पत्र जायचं, म्हणजे मायना निर्दोष हवा. मंगलाचरणावाचून ग्रंथ तडीस जात नाही, असं पाठशाळेत आमचे गुरुजी सांगत. मी फळाभर लिहून दिलं: श्री. रा. रा., शिरसाष्टांग नमस्कार, आपल्या कृपेने इकडील क्षेम, सौ. वहिनींची प्रकृती, मुलाबाळांस अनेक आशीर्वाद (तेरा वर्षांच्या पोरांनी आशीर्वाद देणं जरा धीटपणाचं होतं, हे मागाहून लक्षात आलं), गुराढोरांची खुशाली आणि यंदाचं पीकपाणी. मुलांनी इमानाने उतरवून घेतलं. उतरवता उतरवता पोस्टकार्ड संपलं. उरली ती एका ओळीची जागा. तिच्यात प्रश्न बसेना, म्हणून मी शेवट सांगितला, ‘जागेअभावी प्रश्न पुढील पत्री.’ शेवट मला तेव्हा फार डौलदार वाटला होता.

बेचाळिसांपैकी एकच पोरगी त्या तासाला नव्हती. बायजा. तिचा बाप जंगलू इथे कापसाच्या जिनिंगवर मजुरीला येतो; घर नाल्यापलीकडे, मोहाच्या झाडांत. या दिवसांत घरची सगळी पहाटे मोहाची गळलेली फुलं वेचायला जातात आणि ही शाळेत पोचते दुसऱ्या तासाला. आली, कोरं कार्ड घेतलं आणि फळ्याकडे न बघता लिहून मोकळी झाली. मी वाचलं. मायना नाहीच. एकदम, ‘मोहाचं फूल पहाटेच काऊन गळते? दिवसा झाडाले कोन धरून ठेवते?’ मी तिला उभं केलं आणि म्हटलं, बाई, दारात आल्या आल्या कुणी असं विचारतं का? तर म्हणते, “गुरुजी, एवढ्या मोठ्या मानसाले टाइम नसन ना. म्हून पहिलेच विचारून घेतलं.” वर्ग हसला. मी नाही हसलो. (हसायला हवं होतं.) सगळ्यांदेखत तिला शिष्टाचारावर पाऊण तास ऐकवलं आणि फळ्यावरून दुसरं कार्ड लिहवून घेतलं. पहिलं टेबलावरच राहिलं. आमचा शिपाई प्रेमदास, टेबलावर पत्ता लिहिलेलं जे दिसेल ते टपालात, हा त्याचा बावीस वर्षांचा नियम. त्रेचाळीस कार्डं पुण्याला गेली.

पंधरा दिवसांनी दोन पाकिटं आली. पहिलं शाळेच्या नावे. त्यात लिहिलं होतं की बेचाळीस मुलांनी ज्यांच्या प्रकृतीची चौकशी केली त्या सौ. वहिनी म्हणजे मीच असावे, कारण घरात दुसरी बाई नाही. सौ. मात्र नाही. मुलंबाळं, गुरंढोरं नाहीत. प्रकृती उत्तम आहे. पीकपाण्यात कुंडीत एक मिरची आहे. मुलांना विचारायचं काय आहे ते कळावं. खाली सही, वत्सला केळुसकर. रूपरावांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि चष्मा पुसत म्हणाले, “चंद्रभानजी, तुम्ही बाईले रा. रा. केलं.”

दुसरं पाकीट बायजाच्या नावे. चार पानं, आणि (पाहा, आपल्याच जातकुळीतली बाई) सुरुवात अशी: ‘बायजा, हा प्रश्न मला तीस वर्षांत सुचला नाही.’ पुढे नुसते प्रश्न. कुठलं झाड आधी गळतं? ढग आले की थांबतं का? थंडी पडली तर? तू रोज तिथे असतेस, मी नसते. बघून मला लिही, आपण दोघी मिळून शोधू. दुसऱ्या दिवशी जंगलू धावत शाळेत आला. “गुरुजी, पोरीच्या नावानं कागद आला म्हन्ते. कोर्टाचा त नाई ना?” मी वाचून दाखवला. तो म्हणाला, “म्हंजे त्या बाईले मालूम नाई अन् माह्या पोरीले मालूम हाये?” तसंच काहीसं, म्हटलं.

असो. हसून झालं असेल तर देवकाबाईंनाही वाचून दाखवा, म्हणजे त्यांचा गुडघा विसरला जाईल. थोरांस नमस्कार, धाकट्यांस जे योग्य ते.

आपला,
चंद्रभान

ता. क. डाळ काढून ठेवली आहे. रविवारी या.

ता. क. दुसरा. डाळ हे निमित्त. येण्याआधी बायजाच्या नावे शाळेच्या पत्त्यावर एक कार्ड टाकाल का? आपल्या नेहमीच्या पद्धतीने, मायना न लिहिता. मोहाबद्दल काहीही विचारा. आपल्याला खरोखर माहीत नसेल असंच विचारा. मायना सोड, थेट मोहाचं लिही, असं माझं तिला सांगून झालं, पण ती माझं ऐकणार नाही. कारण तिने माझं आधीच ऐकलं आहे. काल तिने केळुसकरबाईंना लिहिलेलं उत्तर टपालात टाकायला माझ्याकडे आणून दिलं. नमस्कार आहे, क्षेम आहे, गुराढोरांची खुशाली आहे. मोहाचं अक्षरही नाही. अगदी खाली, ‘जागेअभावी प्रश्न पुढील पत्री.’ एकही चूक नाही. ते अजून माझ्या खिशात आहे. मोहाचे फार तर दहा दिवस उरलेत. आणि ती आता वर्गातही काही विचारत नाही, लक्ष्मणराव. मला त्याची काळजी वाटते.